कोरा तळ

सासूबाईंना कुणी विचारलं की तुमच्या सुना काय करतात, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. धाकटी औषध शोधते आणि थोरली बटाटे कुजवते. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि तसं पाहिलं तर खोटंही काही नव्हतं. बटाट्याला कुजवणारी एक बुरशी वाढवायची आणि तिच्या सवयी टिपून ठेवायच्या, हेच काम थोरली एका संशोधन संस्थेत बारा वर्षं करत होती. पण खरं आहे म्हणून काय चारचौघांत तसंच्या तसं बोलायचं? थोरली दर वेळी हसून वेळ मारून न्यायची आणि दर वेळी आतल्या आत चरफडायची.

धाकटी जाऊ दोन वर्षांपूर्वी आली. तिचं लग्न झालं, तिला थोरलीच्याच संस्थेत नोकरी लागली आणि थोरलीच्या शांततेचा निकाल लागला, सगळं एका वर्षात. घर एकच, वर थोरलीचा संसार, खाली धाकटीचा आणि सासूबाईंचा. संस्थेतला मजलाही एकच. सकाळी जिन्यात तीच, दुपारी जेवायला समोर तीच, आणि संध्याकाळी घरी आल्यावर कौतुकही तिचंच. बरं, राग यावा असं ती काही वागतही नव्हती. ताई, ताई करत मागे असायची, कधी उलट बोलायची नाही, आणि हेच थोरलीला जास्त झोंबायचं. निदान एखादा अवगुण असता तर मनाला थोडा आधार मिळाला असता.

धाकटी रसायनवाली. दोन वर्षं खपून तिने चाळीस नवी रसायनं बनवली होती. प्रत्येक जेमतेम चिमूटभर, छोट्या कुपीत विरघळवलेलं. त्यातलं एखादं तरी थोरलीच्या बुरशीला रोखतं का, हे बघायचं होतं. पद्धत सोपी आहे. प्लॅस्टिकची चपटी, झाकणाची बशी असते, तिला लॅबमध्ये प्लेट म्हणतात. तिच्यात बुरशीचं खाद्य थिजवायचं, त्यावर बुरशी पसरायची, मधोमध रसायनात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि प्लेट उबेच्या कपाटात सारून चार दिवस गप्प बसायचं. ही बुरशी आळशी, चार दिवसांच्या आत काही सांगत नाही. रसायन कुचकामी असेल तर ती टिकलीवरही चढून बसते. कामाचं असेल तर टिकलीभोवती मोकळं कडं उरतं.

एका शुक्रवारी धाकटीच्या चौतीस नंबरच्या प्लेटमध्ये असं कडं सापडलं. सापडलं म्हणजे काय, चांगलं बोटभर रुंद, लांबून दिसणारं. अख्खा मजला गोळा झाला. संचालक स्वतः खाली आले, त्यांनी फोटो काढून घेतला. फोटोत धाकटी, तिच्या हातात प्लेट आणि डाव्या बाजूला कुणाचं तरी कोपर. ते कोपर थोरलीचं होतं.

घरी त्या शनिवारी-रविवारी दुसरा विषय नव्हता. सासूबाईंनी फोन करकरून नातेवाइकांत बातमी पोचवली. दीर तर असा छाती काढून फिरत होता जणू कडं त्याच्याच पोटात उमटलंय. थोरलीच्या नवऱ्याला बायकोचं तोंड उतरलेलं दिसलं, आणि समजूत घालायची त्याला हुक्की आली. बुरशी तर तुझीच होती ना, तो म्हणाला. थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचा घास मुकाट गिळला. बारा वर्षं. बारा वर्षांत तिचे सात लेख छापून आले होते आणि सासूबाईंना त्यातल्या एकाचंही नाव सांगता आलं नसतं. आणि ही आली, दोन वर्षं बाटल्या हलवल्या आणि झाली घरादाराच्या डोळ्यातली बाहुली. थोरली जळत होती. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही, ती जळत होती.

रविवारी धाकटी वर आली. चौतीस नंबर पुन्हा लावून बघायला हवा, ती म्हणाली, एका प्लेटवर कसा विश्वास ठेवायचा. येत्या शुक्रवारी समिती येतेय, सोमवारी प्लेटा लावल्या तर तोवर निकाल हातात येईल, तेव्हा ताईंनी थोडी ताजी बुरशी द्यावी. मागणं अगदी रास्त होतं. थोरलीकडे तीन प्लेटा भरून ताजी बुरशी होती. तिने सांगितलं की सध्या बुरशी जुनी झालीय, पुढच्या आठवड्यात देते. का सांगितलं, तर त्या क्षणी कुणाला काही द्यायची तिची इच्छाच नव्हती. धाकटीने मान डोलावली आणि सासूबाईंचा चहा ठेवायला खाली गेली.

समितीचं प्रकरण साधं नव्हतं. धाकटीची नोकरी कराराची होती, करार महिनाअखेर संपत होता. बाहेरून तीन मोठे लोक येणार, काम बघणार आणि तिला आणखी तीन वर्षं द्यायची की निरोप द्यायचा, ते ठरवणार होते. थोरलीला हे पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी धाकटीने कपाटातून ती प्लेट काढून थोरलीच्या हातात दिली. शुक्रवारी गर्दीत तुम्हाला नीट बघताच आली नाही, ती म्हणाली. थोरलीने प्लेट घेतली आणि नंबर बघायला सवयीने उलटी केली. तळ कोरा होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बुरशी वाढवणारी माणसं प्लेटचा नंबर कधीही झाकणावर घालत नाहीत, तळावर घालतात. झाकणं निघतात, इकडची तिकडे होतात. तळाला बुरशी चिकटलेली असते, तो बदलत नाही. ही गोष्ट त्यांच्या इतकी हाडीमाशी खिळलेली असते की कुणी कुणाला मुद्दाम सांगत नाही. धाकटीला प्लेटांचं काम थोरलीनेच शिकवलं होतं, अर्ध्या तासात, तोंड वाकडं करून, आणि तळाचं सांगायचं राहून गेलं होतं. धाकटीच्या कुप्यांची झाकणं फिरकीची. ती आपल्या कुपीला सोडून जात नाहीत, म्हणून रसायनवाले खुशाल झाकणावर नंबर टाकतात. धाकटीने चाळीसही प्लेटांना तेच केलं होतं.

आणि मग थोरलीला आदल्या आठवड्यातला मंगळवार आठवला. उबेचं कपाट उघडलं तर धाकटीच्या प्लेटा सुलट रचलेल्या. प्लेटा उलट्या ठेवायच्या असतात, नाहीतर झाकणाला धरलेलं पाणी बुरशीवर टपकतं. एवढंसुद्धा कळत नाही आणि निघाली औषध शोधायला, असं पुटपुटत थोरलीने एकेक चवड उलटी करायला घेतली. शेवटची दहा प्लेटांची चवड हातातून निसटली. प्लेटांना काही झालं नाही, पण झाकणं फरशीवर घरंगळली. तिने ती गोळा केली, पुसली आणि हाताला येतील तशी बसवून टाकली. झाकणांवर काही आकडे होते, पण झाकणावर लोक काय वाटेल ते खरडतात, एकाने तर गॅसवाल्याचा फोन नंबर लिहून ठेवला होता. कुणाला सांगण्यासारखं काही घडलंय असं तिच्या मनातही आलं नाही. क्रम बदललेला पाहून धाकटीला वाटलं असणार की आपणच घाईत कशाही रचल्या.

म्हणजे चौतीस नंबर हा चौतीस नंबर नव्हताच. एकतीस ते चाळीस यांतलं कुठलंही रसायन असू शकत होतं.

थोरलीने प्लेट सुलट केली, छान आहे म्हणाली आणि परत दिली. खरं तर तिथल्या तिथे सांगायचं. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? घरात एकच वाक्य झालं असतं, थोरलीला बघवलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे ते वाक्य बरोबर ठरलं असतं. तेव्हा आधी आपण खात्री करू, मग बोलू, असं तिने स्वतःला बजावलं. निमित्त चांगलं होतं. त्याच दुपारी तिने तीन प्लेटांतली ती ताजी बुरशी काढली, जी सध्या जुनी झाली होती. धाकटीच्या कुप्या थोरलीच्याच शीतकपाटात असायच्या. एकतीस ते चाळीसमधला एकेक थेंब घेतला, दहा प्लेटा लावल्या, प्रत्येकीच्या तळावर नंबर आणि तारीख घातली आणि त्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मागे सारून दिल्या.

चार दिवस ती फार चांगली वागली. धाकटीचे तक्ते तिने तपासून दिले, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा काढल्या.

शुक्रवारी नऊ वाजता, कुणी यायच्या आत, तिने खालचा कप्पा ओढला. चौतीस नंबरची प्लेट काठोकाठ पांढरी, टिकलीवरसुद्धा बुरशी चढलेली. थोरलीला इतका आनंद झाला की तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग बाकीच्या बघितल्या. पस्तीस पांढरी, छत्तीस पांढरी, सदतीसही. आणि अडतीस नंबरमध्ये मोकळं कडं, स्वच्छ, गोल, मागच्याहून रुंद. धाकटीचं औषध खरं होतं. फक्त त्याचा नंबर दुसरा होता.

आता खात्री करायचं निमित्तही उरलं नाही. अकराला समिती बसणार होती. दोन तास हातात होते आणि दहा पावलांवर धाकटी आपले तक्ते घेऊन उभी होती. एक वाक्य पुरलं असतं. थोरलीने कप्पा आत लोटला आणि चहा प्यायला गेली.

समितीपुढे धाकटी छान बोलली. आवाज स्पष्ट, काम नीट मांडलेलं, तक्ते निर्दोष. तिन्ही पाहुणे माना डोलवत होते, संचालक तर आधीच हसत बसले होते. कुणाला काही विचारायचं आहे का, असं ते म्हणाले, आणि थोरलीने हात वर केला.

"प्लेटवर नंबर कुठे घातला होता?" तिने अगदी सौम्य आवाजात विचारलं. "झाकणावर की तळाला?"

पाहुण्यांपैकी एकाने चटकन वर पाहिलं. तो बुरशीवाला असणार. धाकटी आधी गोंधळली, मग तिने थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बोलता बोलता तिला उमगत गेलं हे सगळ्यांना दिसलं. झाकणावर, ती म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्या पाहुण्याने विचारलं की प्रयोग पुन्हा करून पाहिला होता का. ताज्या बुरशीचं कारण सांगायला तिला पूर्ण मुभा होती. तिने नुसतं नाही म्हटलं, चूक माझी आहे म्हटलं आणि खाली बसली. समितीने निर्णय सोमवारी सकाळी दहाला कळवू असं सांगितलं, पण त्याचा अर्थ शिपायालासुद्धा कळला असता. शुक्रवारी दुपारी नव्या प्लेटा लावल्या तरी त्या मंगळवारशिवाय बोलणार नव्हत्या.

संध्याकाळी जेवणं झाली. सासूबाई वर आल्या, असं कधी व्हायचं नाही, आणि थोरलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या की तू वेळेवर ओळखलंस म्हणून बरं, नाहीतर छापून आल्यावर पोरीची केवढी नाचक्की झाली असती. तुझ्यासारखं मुरलेलं माणूस घरात आहे म्हणून. बारा वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते हे असे मिळाले. आणि लाजेची गोष्ट ही की ते ऐकायला गोड लागले.

मग धाकटी आली. रडून झालेली, तोंड धुतलेली. ती भांडायला आली नव्हती. उद्या शनिवारी लॅबमध्ये येता का, एवढंच तिने विचारलं; सोमवारी त्यांनी जा म्हणायच्या आधी मीच माझं टेबल आवरून ठेवते, चाळीसांतलं कामाचं कुठलं ते शोधायला आता कोण वेळ देणार, कुप्यांची विल्हेवाट लावायला तुमच्या शीतकपाटाची किल्ली लागेल. थोरली येते म्हणाली. किल्ली तिथल्या तिथे देऊन टाकता आली असती, पण दिली नाही.

शनिवारी सकाळी मजल्यावर दोघीच होत्या. धाकटीने हातमोजे घातले, टाकाऊ रसायनांचा कॅन टेबलाखालून ओढला आणि ट्रेमधल्या कुप्या ओळीने रिकाम्या करायला लागली. एक, दोन, तीन. झाकण फिरवायचं, कुपी उपडी करायची, बाजूला ठेवायची. प्रत्येक कुपीमागे तिचे दोन-तीन आठवडे गेलेले होते, थोरलीला हे माहीत होतं. ती खुर्चीवर बसून बघत राहिली. सांगेन, वीसपर्यंत होऊ दे, मग सांगेन, असं तिच्या मनात आलं. वीस झाली. कॅनमध्ये बुडबुड असा बारीक आवाज व्हायचा. न सांगितलं तर कुणाला काय कळणार होतं? दहा प्लेटा धुऊन टाकायला पाच मिनिटं लागली असती. मग ही जाईल दुसरीकडे कुठेतरी, मजला पुन्हा आपला, घर पुन्हा आपलं. तीस. चौतीस नंबरची कुपी धाकटीने क्षणभर उजेडाकडे धरली आणि तीही ओतली. पस्तीस. छत्तीस. सदतीस नंबरची कुपी रिकामी होऊन टेबलावर ठेवली गेली, अडतीसचं झाकण फिरलं.

"थांब," थोरली म्हणाली.

तिने उठून खालचा कप्पा ओढला, मागे सारलेल्या प्लेटा पुढे घेतल्या आणि एक उचलून धाकटीपुढे ठेवली. त्या पांढऱ्या बुरशीतलं मोकळं कडं धाकटी बराच वेळ बघत राहिली. मग तिने प्लेट उलटी केली. एका दिवसात शिकली होती. तळावर अडतीस लिहिलं होतं आणि खाली तारीख.

"सोमवारी लावल्यात," ती म्हणाली.

थोरलीने हो म्हटलं. मग बाकीचंही सांगून टाकलं, एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. चवड माझ्याच हातून पडली होती. बुरशी ताजी होती, मुद्दाम दिली नाही. आणि हे कडं काल सकाळी नऊ वाजताच बघितलं होतं, तू बोलायला उभी राहायच्या दोन तास आधी. हे सगळं सांगताना ती प्लेटकडेच बघत होती.

धाकटीने अडतीस नंबरच्या कुपीचं झाकण लावलं, घट्ट फिरवलं आणि कुपी ट्रेमध्ये परत ठेवली.

"मी तिथे उभी होते, लोक हसले," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

खोटं बोलायला जागा होती. वाईट वाटलं म्हटलं असतं तर धाकटीने ते मान्य केलं असतं, तिचा स्वभावच तसा होता, आणि दोघी सुटल्या असत्या.

"बरं वाटलं," थोरली म्हणाली.

धाकटीने मान हलवली. हातमोजे काढले, खुर्ची ओढून बसली, वही उघडली आणि वर तारीख घातली. सोमवारी दहाच्या आत समितीला आकडा हवा होता आणि आकडा बुरशीवाल्याने मोजलेला असावा लागतो.

"मोजा," ती म्हणाली. "मी लिहून घेते."

थोरलीने मोजपट्टी घेतली आणि कड्यावर आडवी धरली. चष्मा सारखा केला. या काठापासून त्या काठापर्यंत बघितलं. आकडा स्पष्ट दिसत होता.

"एकवीस मिलिमीटर."

धाकटीने एकवीस लिहिलं. थोरलीने पट्टी तशीच धरून ठेवली होती, उचलली नाही.

"खोड ते," ती म्हणाली. "बावीस आहे."